आवाजाचा पत्ता लागेपर्यंत पाना लावू नका

फोर-बाय-फोरचा दांडा ‘टू-व्हील’वर असला म्हणजे गाडीचा पुढचा भाग कामातून सुटला, असं आपल्याकडे मालकही धरून चालतात आणि मिस्त्रीही. या एका समजुतीपायी माझ्या जुन्या जीपचा गिअरबॉक्स विनाकारण उतरला, मागचं हौजिंग विनाकारण उघडलं गेलं, आणि ज्या कर्रकर्र आवाजासाठी हा सगळा खटाटोप झाला तो होता तिथेच राहिला. जुनी जीप नाही तर नवी थार घेऊन पांदणीत उतरणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. त्यांच्यातल्या कुणाचे तरी पैसे वाचावेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझं शेत मंगरूळपीर तालुक्यात. पावसाळ्यात तिथली पांदण म्हणजे पोटरीएवढा काळा चिखल आणि मध्ये दोन नाले. जीप विलिसच्या घराण्यातली. महिंद्राने १९४७ साली विलिसच्या जीप भारतात जोडायला घेतल्या, आणि तो साधा आराखडा पुढे कित्येक मॉडेलांतून चालत आला. आवाज सुरू झाला तो एका पावसाळ्याच्या अखेरीला. तासाला ३५ किलोमीटरच्या आसपास लागायचा, ५० ला दाट व्हायचा. ॲक्सिलरेटर दाबा किंवा सोडा, त्याच्यात फरक पडत नसे. बदलायचा तो फक्त वेगाबरोबर. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावहून अकोल्याकडे जाताना मेडशी सुटली की पातूरचा घाट लागतो. उतारावर इंजिन शांत झालं की तो आवाज फरशीखालून थेट कानात येई. चिखलात फोर-व्हील लावली की मात्र कर्रकर्र थांबून टक्टक् सुरू व्हायची.

आता मागे वळून पाहताना वाटतं, या चार वाक्यांत जवळजवळ सगळं निदान आलेलं आहे. पण ती चार वाक्यं कुणी विचारलीच नाहीत. शहरातल्या एका गॅरेजात गाडीची गल्लीतून एक चक्कर झाली आणि ‘गिअरबॉक्सचं बेरिंग गेलं’ असा निकाल लागला. बॉक्स उतरला, बेरिंगं बदलली. काढलेली बेरिंगं मी हातात घेऊन फिरवून पाहिली, ती चांगली होती. आवाज तसाच. मग संशय मागच्या हौजिंगवर गेला. त्याच्यातल्या क्राउन आणि पिनियन या दोन दातेरी चाकांमधलं अंतर अगदी बारीक पत्र्यांच्या शिमांनी बसवलेलं असतं. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून बसलेले दात एकदा हलवले की पूर्वीसारखे जुळतीलच असं नाही. तसंच झालं. कर्रकर्र राहिलीच, वर हौजिंगला आधी नसलेली गुणगुण लागली. तीनच शब्दांचं निदान, पण खर्च हजारोंचा.

यात एकट्या मिस्त्रीला दोष देणं मला बरोबर वाटत नाही. आपल्या भागात जीप म्हणजे काळी-पिवळी. शेलूबाजार, अनसिंग, मानोरा अशा ठिकाणी माणसं भरून धावणाऱ्या त्या गाड्या बहुतेक टू-व्हील. त्यांना पुढे नुसता ॲक्सल, ओढणारं काही नाही. ज्यांचं उभं आयुष्य त्या गाड्यांखाली गेलं, त्यांचा हात आवाज आला की गिअरबॉक्सकडे आणि मागे जाणारच. पुढचा शाफ्ट त्यांच्या हिशेबातच नसतो.

आमच्याकडे ट्रॅक्टरचं काम करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांना गाडी दाखवली तेव्हा त्यांनी पाना उचललाच नाही. म्हणाले, “भाऊ, पह्यले आवाज कुठून येते ते पाहू. खोलाचं काय, कव्हाबी खोलता येते.” दांडा टू-व्हीलवर ठेवून त्यांनी मला गाडी हळू पुढे घ्यायला लावली आणि स्वतः बाजूने वाकून चालत राहिले. थांबवून मला खाली बोलावलं. दांडा टू-व्हीलवर असतानाही पुढचा प्रॉपेलर शाफ्ट गरगर फिरत होता. माझ्या जीपच्या पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब नाहीत. त्यामुळे इंजिन पुढच्या चाकांना ओढत नसलं तरी रस्ता त्या चाकांना फिरवतो, चाकं आतल्या दांड्यांना, दांडे क्राउनला आणि क्राउन शाफ्टला. म्हणजे टू-व्हीलवरही पुढचं सगळं सामान गाडीच्या वेगाने फिरतं, फक्त त्याच्यावर ओढ नसते. ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्याने आवाज का बदलत नव्हता, ते तिथेच उलगडलं.

त्यांनी पुढचा शाफ्ट सोडला आणि गाडी मागच्या चाकांवर मंगरूळच्या रस्त्याला काढायला सांगितली. कर्रकर्र पूर्ण गेली. सोडलेल्या शाफ्टच्या ट्रान्सफर केसकडच्या (पुढच्या-मागच्या शाफ्टला ओढ वाटून देणाऱ्या पेटीकडच्या) टोकाला जो क्रॉस, म्हणजे सांध्यातला चौफुला असतो, त्याच्या एका टोपीभोवती तांबडी पूड जमली होती. टोपी काढली तर आतल्या सुईएवढ्या बेरिंगांचा गंजून भुगा झालेला. नाल्याचं पाणी आत गेलं होतं आणि ग्रीस तिथवर पोचलंच नव्हतं. नवा क्रॉस गिअरबॉक्सच्या नुसत्या मजुरीच्याही कितीतरी खाली आला.

तर आता क्रम सांगतो. गाडीला आवाज लागला की कुणालाही काहीही उघडू देण्याआधी तो मालकाने स्वतः ऐकावा, कारण गाडीबरोबर सगळ्यात जास्त वेळ तोच असतो. मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर आवाज लागतो तिथपर्यंत वेग न्या, क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा आणि ऐका. इंजिन चालूच राहू द्या. चावी काढली तर स्टिअरिंग अडकतं, त्या मोहात पडू नका. आणि हा प्रयोग घाटात कधीही करू नका. न्यूट्रलमध्ये आवाज गेला तर इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांच्याकडे बघा. तसाच राहिला तर चाकांबरोबर फिरणाऱ्या एखाद्या भागात तो आहे, आणि गिअरबॉक्स उतरवायची घाई करण्याचं काही कारण उरत नाही. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेरिंग संशयित. उलट क्लच दाबल्यावरच येतो, तर क्लचचं रिलीज बेरिंग.

यानंतरची कसोटी मला सगळ्यात आवडते, कारण तिला खर्च शून्य आणि ती खोटं बोलत नाही. टायरवर खडूने एक रेघ मारा. एकाने गाडी माणसाच्या चालीने न्यावी, दुसऱ्याने सुरक्षित अंतर ठेवून शेजारून चालत कान द्यावा. रेघ एकदा खाली येईपर्यंत आवाज एकदाच आला तर तो चाकाशी आहे: ब्रेक ड्रम, डिस्कच्या पत्र्यात अडकलेला खडा किंवा रिममध्ये वाळून दगड झालेला चिखल. आपल्या काळ्या मातीने हा शेवटचा प्रकार फार होतो, आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो सुटतोही. एका फेरीत आवाज चार-पाचदा किंवा त्याहून दाट आला तर तो प्रॉपेलर शाफ्ट किंवा पिनियनकडचा, कारण शाफ्ट चाकाच्या साधारण चार ते साडेपाच पट फिरतो. जीपच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. ४० च्या वेगाला चाक सेकंदाला पाच फेऱ्या घेतं आणि शाफ्ट वीसच्या वर. इतक्या वेगात कान मोजू शकत नाही, म्हणून मोजणी चालीच्या वेगातच करायची.

चाकाच्या बेरिंगची गुरगुर वळणावर उघडी पडते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवी बाजू बघा. डांबरावर असलेली गुणगुण मुरमावर नाहीशी झाली तर ती जाड गुंडीच्या टायरांची, तिला औषध नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं असेल तरच हौजिंगकडे वळा. आणि डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळणं घेत आवाज शोधू नका. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र जखडले जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, ते त्यांना मिळत नाही, आणि त्या ताणाचं कण्हणं-कुरकुरणं खऱ्या आवाजात मिसळतं.

एवढं करूनही संशय राहिला तर एकेक शाफ्ट सोडून बघायचा. सोडण्याआधी दोन्ही टोकांना जुळणाऱ्या खुणा करा. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत असावे लागतात. मधला सरकता जोड चुकीच्या खाचेत बसला तर नवीनच थरथर घेऊन घरी जाल. पण त्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. विलिसच्या घराण्यातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढूनही गाडी मोकळी असते. मागचं एकच चाक जॅकवर उचललं तरी तेच, कारण डिफरन्शिअल दुसऱ्या चाकाला वळू देतं. म्हणून आधी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे, मग घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर) गाडी, आणि त्यानंतरच कुणीही खाली जायचं. जॅकवर उचललेली गाडी गिअरमध्ये टाकून चाकं फिरवून दाखवतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

नाले ओलांडणाऱ्यांनी हौजिंगचं तेल दर पावसाळ्यानंतर बघावंच. तापलेलं हौजिंग गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी ओढते. वरची ब्रीदरची नळी चिखलाने बुजली असेल तर ते सीलमधून आत येतं. काढलेलं तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलेलं आहे. त्या तेलावर गाडी पुढे चालवू नका. मॅग्नेट असलेल्या बोल्टवर राखाडी मऊ लगदा असणं साधी झीज आहे, पण बोटाला टोचणारे तुकडे असतील तर हौजिंग उघडण्याचं कारण खरंच मिळालं. सोयाबीनचं कुटार आणि पऱ्हाट्यांचे तुकडे पिनियनच्या सीलभोवती गुंडाळले जातात, तेही हाताने काढत जा.

आणि क्रॉस. ग्रीसगन लावली, दोन दाब दिले, झालं, असं बहुतेक ठिकाणी होतं. एका क्रॉसला चार टोप्या असतात, आणि निपलमधून दिलेलं ग्रीस आतल्या बारीक वाटांनी चौघींकडे जायचं असतं. जुनं काळं ग्रीस चारही टोप्यांच्या कडांतून बाहेर येईपर्यंत दाबत राहा. एखादीतून येत नसेल तर शाफ्ट थोडा फिरवा, हलवा, पुन्हा दाबा. तरीही ती कोरडी राहिली तर आतली वाट बुजलेली आहे: तो क्रॉस त्याच दिवशी काढायला सांगा, पुढचा असो की मागचा.