संधिगतवाताच्या चिकित्सेचे परीक्षण : योजना कशी असावी?

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात जानुशूलाचा रुग्ण ज्याच्याकडे येत नाही असा वैद्य विरळाच. आपल्या व्यवसायबंधूंच्या नोंदवह्यांत अशा रुग्णांपैकी गुण आलेल्यांची संख्याही मोठी असते. या नोंदी एकत्र केल्या म्हणजे शास्त्रीय पुरावा उभा राहील, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमच्या मते तो तसा राहणार नाही, आणि त्याचे कारण आपल्याच शास्त्रात सापडते.

वाताचा संचय ग्रीष्मात, प्रकोप वर्षाऋतूत आणि प्रशम शरदात होतो. रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा जुलैमध्ये, रेल्वे स्थानकाचा जिना चढवेनासा झाला म्हणजे. तीन महिने योगराज गुग्गुळ, स्नेहन, स्वेदन, जानुबस्ती असा क्रम चालतो आणि ऑक्टोबरात वेदना उतरते. या उपशमात औषधाचा वाटा किती आणि शरदाचा किती? त्याच ऋतूत, त्याच वयाचे, तितक्याच वेदनेचे दुसरे रुग्ण समोर असल्याखेरीज याचे उत्तर देता येत नाही. म्हणजे तुलना-गटाची आवश्यकता पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादलेली नाही. दोषांची ऋतुगती मानणाऱ्याला तर ती अधिकच मान्य व्हावी. रुग्ण कोणत्या गटात जावा हे मात्र वैद्याने ठरवू नये. ‘याला गुण येईल’ असे वाटणारे रुग्ण नकळत एकाच गटात जमतात. म्हणून विभागणी यादृच्छिक असावी आणि तिचा क्रम बंद, अपारदर्शक पाकिटांत दुसऱ्या व्यक्तीने ठेवावा.

येथवर फारसा मतभेद होत नाही. खरा वाद पुढेच आहे. आपण रोग्याची चिकित्सा करतो, केवळ रोगाची नव्हे. विमानस्थानातील दशविध परीक्षा त्यासाठीच आहे. मग सर्वांना एकच योग देऊन केलेले परीक्षण आयुर्वेदाचे म्हणावे काय? हाच प्रश्न चिनी वैद्यकापुढेही होता. ऑस्ट्रेलियात बेन्सूसान व सहकाऱ्यांनी आतड्याच्या क्षोभविकाराच्या 116 रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला रुग्णपरत्वे बदलणारा योग, दुसऱ्याला ठरावीक योग, तिसऱ्याला प्लासिबो. परीक्षण 16 आठवड्यांचे होते आणि 1998 साली ते प्रसिद्ध झाले. चिकित्सेच्या अखेरीस दोन्ही औषधी गट प्लासिबोपेक्षा सरस ठरले; रुग्णपरत्वे दिलेला योग ठरावीक योगाहून अधिक प्रभावी दिसला नाही. परंतु औषध थांबल्यानंतर 14 आठवड्यांनी पाहता केवळ रुग्णपरत्वे योग घेतलेल्यांचाच गुण टिकून होता. औषध बंद होताच निरीक्षणही बंद केले असते तर हा फरक कुणाला कळलाच नसता. अपुनर्भवाचा दावा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आपल्या देशातही रुग्णपरत्वे चिकित्सेचे द्विअंध परीक्षण झाले आहे. कोइमतूर येथे आमवातसदृश संधिविकाराच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, 43 रुग्णांत शास्त्रोक्त आयुर्वेदीय चिकित्सा, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशी तुलना 36 आठवडे करण्यात आली. ज्याला जे औषध द्यायचे नाही त्याला त्याची हुबेहूब निष्क्रिय प्रतिकृती देण्यात आली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या या प्राथमिक अभ्यासात तिन्ही गटांचा परिणाम साधारण सारखा दिसला. रुग्णसंख्या इतकी लहान असता ‘सारखा दिसला’ म्हणजे ‘समान ठरला’ असे नव्हे, हा विवेक सुटू नये. समानता सिद्ध करायला किती व्याप लागतो ते पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या पुढाकाराने झालेल्या जानुसंधीच्या परीक्षणावरून दिसते. त्यात 440 रुग्ण होते, कालावधी 24 आठवड्यांचा होता, आणि तुलना ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब यांच्याशी होती. 2013 च्या अहवालानुसार शुंठी, गुडूची, आमलकी इत्यादींचे योग वेदना व हालचाल यांत त्यांच्या तुल्यबळ ठरले. त्याच अहवालात आयुर्वेदीय योग घेणाऱ्या काही रुग्णांत लक्षणांविना एसजीपीटी वाढल्याची नोंद आहे. वनौषधी निरुपद्रवीच असतात असे गृहीत धरून यकृताची तपासणी टाळणारी योजना आम्हांला मान्य नाही.

जानुबस्तीचा प्लासिबो कसा करावा, असे विचारले जाते. तो करता येत नसेल तर अट्टहास नको. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने क्षारसूत्र आणि शस्त्रकर्म यांची भगंदरात तुलना केली, तेथे अंधत्व शक्यच नव्हते. तरीही 1991 साली प्रसिद्ध झालेले ते परीक्षण आजही आदराने उद्धृत होते. क्षारसूत्राने व्रण भरण्यास 8 आठवडे लागले, शस्त्रकर्माने 4. पण पुनरुद्भव अनुक्रमे 4 व 11 टक्के होता. असा मोजता येणारा निकष आधीच ठरवावा आणि मोजणारा मात्र चिकित्सा करणाऱ्याहून वेगळा असावा. जानुशूलात हे अधिकच अगत्याचे, कारण वेदना हा रुग्णाच्या सांगण्याचा विषय आहे. वोमॅक प्रश्नावलीचे भारतीय जीवनाला अनुरूप रूप पुण्यातच तयार झाले आहे. त्यात मांडी घालून व उकिडवे बसण्याचा विचार आहे, आणि आपल्या रुग्णांच्या तक्रारी नेमक्या त्याच असतात.

उपनगरातील एका चिकित्सालयाला हे सारे पेलणार नाही. आमची सूचना अशी की पाच-सहा चिकित्सालयांनी मिळून आधी लहान प्राथमिक अभ्यास करावा. रुग्णनिश्चिती दुहेरी असावी : क्ष-किरणासह जानुसंधीच्या अपकर्षाचे आधुनिक निदान, आणि दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे केलेले संधिगतवाताचे निदान. दोघांचे एकमत किती वेळा झाले तेही नोंदवावे; ही संख्या आपल्याला अप्रिय वाटण्याचा संभव आहे, पण तिच्यावाचून प्रकृतिपरत्वे चिकित्सेची भाषा पोकळ राहते. दोन गट पुरेत : ठरावीक योग आणि रुग्णपरत्वे योग. दोहोंत वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉलची मुभा ठेवून गोळ्यांची मोजणी करावी. भरती एकाच ऋतूत संपवावी, आणि चिकित्सा थांबल्यावरही रुग्णाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाहावे. नीतिसमितीची संमती घेऊन क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियाकडे नोंद पहिल्या रुग्णाच्या आधीच झाली पाहिजे. 1 एप्रिल 2018 पासून तेथे मागाहून नोंदणी स्वीकारली जात नाही.