नागीण गेली, कळ उरली

आजीची नागीण बरी होऊन चार महिने झाले. बरगडीवर आता फक्त पुसट डाग आहेत. तरीही ती पदर तेथे लागू देत नाही. मऊ सुती कापडाचा नुसता स्पर्श झाला, तरी विस्तव ठेवल्यासारखे होते म्हणते. घरची माणसे डाग पाहतात व म्हणतात, "आता कुठे काय आहे? तुमच्या मनाचे खेळ आहेत." विद्यार्थिमित्रांनो, खरे कोणाचे?

कळ आणि ठणका

अंधारात पायाचे बोट उंबरठ्याला आपटले, की प्रथम झटकन कळ येते आणि मागाहून ठणका लागतो. असे का? वेदनेचा निरोप दोन प्रकारच्या मज्जातंतूंतून जातो. जलद तंतूंतून तो सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने धावतो. मंद तंतूंतून सुमारे १ मीटर वेगाने. पाऊल ते मज्जारज्जू हे अंतर १ मीटर धरले, तर दोन्ही निरोप किती वेळाने पोहोचतील? गणित करून पाहा.

ही वेदना उपयोगी असते. दुखापत झाली आहे, जपा, असे ती सांगते. जखम भरली की ती थांबते.

नागीण येते कोठून?

लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मज्जारज्जूलगत संवेदी मज्जातंतूंच्या पेशींचे पुंजके असतात. त्यांना गुच्छिका म्हणतात. तेथे तो वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो. उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर तो जागा होतो व मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. इंग्लंडमधील डॉ. एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या रोग्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली ही उपपत्ती मांडली.

नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, अशी एक समजूत आहे. तीत तथ्य नाही. प्रत्येक गुच्छिकेकडे शरीराच्या एकाच बाजूचा कातडीचा एक पट्टा असतो. हेन्री हेड व कॅम्पबेल यांनी १९०० साली नागिणीच्या रोग्यांवरूनच या पट्ट्यांचा नकाशा तयार केला. म्हणूनच पुरळ सहसा मध्यरेषेपाशी थांबते.

बिघाड तारेत

दारावरच्या विजेच्या घंटेचे उदाहरण घ्या. बटण दाबले की घंटा वाजते. पण तारेवरचे वेष्टन झिजून तारा एकमेकींना चिकटल्या, तर बटण न दाबताही ती वाजते. दारात कोणी नसते, पण आवाज खराच असतो.

आजीचे तसेच झाले आहे. विषाणूने मज्जातंतूला इजा केली आहे. इजा झालेले तंतू कारण नसताना निरोप धाडतात. मज्जारज्जूतील पेशीही इतक्या हळव्या होतात, की साधा स्पर्शही वेदना म्हणून पुढे जातो. कातडी बरी झाली, तार झाली नाही. बहुतेकांची ही वेदना काही महिन्यांत ओसरते. काहींना मात्र ती वर्षानुवर्षे सोसावी लागते.

उपाय आणि आधार

पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू करणे हितकारक असते. म्हणून अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन फोड आले, तर घरगुती लेपांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. पन्नाशीनंतर घ्यावयाची प्रतिबंधक लस आता भारतातही मिळते.

मागे राहिलेल्या वेदनेवर साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. फेफरे किंवा खिन्नता यांवरची काही औषधे येथे देतात. याचा अर्थ रोग्याला वेड लागले असा नव्हे. ही औषधे मज्जातंतूंतील निरोपांची गर्दी कमी करतात. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनचे मलमही काहींना गुण देते.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी करायची असते. वेदना मोजणारा तापमापक नाही. ती सोसणाऱ्याचे सांगणे हाच मुख्य पुरावा. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना, वेदना होते असे कोणी सांगितले तर त्या सांगण्याचा मान राखावा, असे स्पष्ट नमूद केले आहे.

तेव्हा आजीचेच खरे. तिला सैल, मऊ कपडे द्या, गर्दीत तिच्या दुखऱ्या बाजूला उभे राहून धक्क्यांपासून जपा, आणि "अजून दुखते का?" असे विचारल्यावर तिचे उत्तर खरे माना.

विचार करा : आपटलेले बोट चोळले की बरे वाटते, मग आजीची बरगडी चोळून का चालणार नाही?