रकाना कोरा राहू द्यावा

माध्यमिक शाळेतील मुलांकडून स्वतंत्र विज्ञानप्रकल्प करवून घेण्याच्या उद्योगात ज्याने आयुष्याचा बराचसा काळ घालवला आहे, त्याच्याकडे प्रदर्शनांचा हंगाम जवळ आला की तरुण शिक्षक, आणि त्यांच्याहून अधीर झालेले पालक, एकच पृच्छा घेऊन येतात : "सर, यंदा विषय कोणता घ्यावा?" विषय एकदा चांगला मिळाला की उरलेले सारे आपोआप जुळून येते, अशी या मंडळींची प्रामाणिक समजूत असते. माझा अनुभव निराळा आहे. विषयापायी प्रकल्प बुडाल्याचे मी क्वचितच पाहिले. तो बुडतो तो नोंदवहीत, आणि तेथेही बहुधा मुलांच्या हातून नव्हे, तर त्यांचे भले चिंतणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हातून. हे विधान काहीसे कठोर वाटेल, म्हणून ज्या प्रकरणामुळे ते माझ्या मनात कायमचे ठसले, त्याची हकिकत तपशिलाने सांगतो.

सेवानिवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील एका शाळेने प्रकल्पांना मार्गदर्शन करण्यासाठी मला बोलावले होते. या जिल्ह्याची पर्जन्यमानाच्या दृष्टीने मोठी मौज आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माणदेशात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. मधल्या पट्ट्यातील गावांत राहणाऱ्या माणसाला पाऊस ही मोजण्याजोगी वस्तू आहे हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. नववीतल्या तीन मुलींचा वर्गात एकदा वाद जुंपला. आदल्या संध्याकाळी आपल्या आळीत धो धो पाऊस झाला असे एकीचे म्हणणे, तर ओढ्यापलीकडे राहणारी दुसरी सांगत होती की आमचे अंगणसुद्धा धड भिजले नाही. त्या वादातून प्रश्न निघाला तो असा : आपल्या गावात सगळीकडे सारखाच पाऊस पडतो काय? या प्रश्नाचे रूप पाहावे. तो लहान आहे, मुलांच्या पायांच्या आवाक्यातला आहे, त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही, आणि ते कसेही आले तरी लाज वाटण्याचे कारण नाही. मुख्याध्यापकांना मात्र हे शीर्षक फार साधे वाटले. 'हवामानबदल आणि कृषिसंस्कृती' असे काहीतरी भारदस्त नाव त्यांच्या मनात होते. ज्या शीर्षकातले एकही पद मुलाला फूटपट्टीने मोजता येत नाही, ते शीर्षक पत्करू नये, एवढे माझे म्हणणे त्यांनी त्या वेळी मोठ्या मनाने मान्य केले.

उपकरणे घरचीच होती. शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली मानेखाली कापून वरचा भाग उलटा बसवला की त्याचे नरसाळे होते आणि खालच्या भागात पाणी साचते. परंतु मार्गदर्शकाने आपली सारी करडी शिस्त कोठे खर्च करावयाची असेल तर ती येथे. बाटलीचा तळ खोलगट आणि खाचाखोचांचा असल्यामुळे शून्याची रेघ तळाशी न ओढता, आधी थोडे पाणी ओतून जेथे भिंती सरळ होतात तेथे ओढावी लागते. एका बाटलीवर मुलींनी स्वयंपाकघरातले रुंद नरसाळे बसवले होते. त्याचे तोंड १० सेंटिमीटरांचे आणि बाटलीचा व्यास ८ सेंटिमीटर. म्हणजे जेवढ्या क्षेत्रावरचा पाऊस गोळा होई ते बाटलीच्या छेदाच्या दीडपटीहून थोडे अधिक असल्याने, पट्टीवर २५ मिलिमीटर दिसले तरी खरा पाऊस अवघा १६ मिलिमीटर. हे गणित मी सांगितले नाही. एक चौरस मीटर फरशीवर एक लिटर पाणी सारखे पसरले तर त्याची उंची एक मिलिमीटर भरते, एवढे मात्र प्रत्यक्ष मापून दाखवले आणि पुढचे त्यांच्यावर सोपवले. दोन दिवस रुसवेफुगवे झाले, मग ते गणित त्यांचे त्यांनाच सुटले.

त्यानंतर आम्ही तहसील कचेरीच्या आवारातला सरकारी पर्जन्यमापक पाहून आलो. पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर व्यासाचे त्याचे तोंड, जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरांवर त्याची कड, आणि जवळपासच्या भिंती-झाडांपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर राखण्याचा दंडक. हे सारे तेथल्या कारकुनाने आस्थेने समजावून दिले. या देशातली हवामानाची उपकरणे एकसारखी आणि भरवशाची व्हावीत म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या अण्णा मणी १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या होत्या, आणि सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते, हे परतीच्या एस.टी.त मी मुलींना सांगितले. त्यांपैकी जी सर्वांत अबोल होती तिने दुसऱ्या दिवशी आपल्या पाचही बाटल्यांच्या जागा पुन्हा तपासल्या आणि गोठ्याच्या भिंतीलगतची एक बाटली मोकळ्या जागी हलवली.

चिंचेखालची बाटली मात्र तिने मुद्दामच हलवली नाही, आणि या हट्टाचे फळ तिला मिळाले. त्या बाटलीत इतर ठिकाणांपेक्षा पाणी कमी साचे, कारण पहिला पाऊस पाने आणि फांद्याच पिऊन टाकीत; परंतु पाऊस थांबल्यावरही ती थेंब थेंब भरतच राही. "सर, पाऊस थांबला कधी, हे मग कोणत्या बाटलीला विचारायचं?" असा प्रश्न तिने मला केला, तेव्हा मी काहीही उत्तर न देता तो प्रश्न तारीख घालून वहीत लिहून ठेवावयास सांगितले. दुसरा शोध वेळेचा. मुली सकाळची शाळा गाठण्यापूर्वी सातला पाणी मोजत; सरकारी मोजणी साडेआठला होते, आणि मागल्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेवर चढतो. सात आणि साडेआठ यांच्या दरम्यान सर आली की सरकारी दप्तरात ती आजच्या तारखेला रुजू होई आणि मुलींच्या वहीत उद्याच्या. रोजचे आकडे जुळत नव्हते आणि आठवड्याची बेरीज मात्र जवळपास मिळत होती. हे कोडे त्यांनी कोणाच्याही मदतीशिवाय उलगडले, आणि माझ्या मते तो प्रकल्प त्या दिवशीच यशस्वी झाला.

आता दुर्घटनेकडे वळू. शाळेच्या मागल्या अंगणातल्या बाटलीला रविवारी कुलूप लागे. मुलींनी त्या रकान्यात रेघ ओढली आणि सोमवारच्या पाण्यापुढे 'दोन दिवसांचे मिळून' असा शेरा लिहिला. याहून अधिक शास्त्रशुद्ध नोंद एखाद्या अनुभवी निरीक्षकानेही केली नसती. परंतु प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात मी मुंबईस गेलो असताना शाळेत फाइल 'नीट' करण्याचे काम सुरू झाले. वही चिखलाने आणि शाईच्या डागांनी मलिन झालेली. तिची सुवाच्य नक्कल तयार करण्याचे फर्मान निघाले. नक्कल करताना रिकामे रकाने कोणाला तरी खटकले. एवढ्या मेहनतीच्या कामात भोके कशी दिसू द्यायची, असा सद्हेतूच त्यामागे होता, हे मी आजही मानतो. रविवारचे आकडे तहसिलीच्या तक्त्यातून उचलून बसवले गेले, शेरे गाळले गेले, आणि मूळ वही रद्दीत गेली.

परीक्षक म्हणून आलेल्या बाई वृद्ध आणि मितभाषी होत्या. त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवीत विचारले, "बाळ, तुझ्या पट्टीवर सर्वांत लहान खूण कितीची आहे?" मुलीने सांगितले, एक मिलिमीटरची. "मग रविवारी तुला १२.४ कसे दिसले?" पुढे त्यांनी बेरीज मांडून दाखवली : रविवारचे १२.४ आणि सोमवारचे ३१ मिळून ४३.४, जेव्हा खरे पाहता त्या ३१ मध्येच रविवारही होता. अशा रीतीने प्रत्येक रविवार दोनदा मोजला गेल्याने शाळेच्या अंगणात साऱ्या गावाहून अधिक पाऊस पडल्याचे सिद्ध झाले होते, आणि तोच निष्कर्ष फलकावर ठळक अक्षरांत मिरवत होता. मुलीने खरे काय ते सांगितले. बाईंनी मूळ वही मागितली; ती नव्हती. त्या रागावल्या नाहीत, परंतु फाइल मिटून पुढच्या टेबलाकडे गेल्या. चिंचेची गोष्ट सांगण्याची वेळच आली नाही, आणि वेळेचा तो सुंदर शोधही संशयाच्या छायेत गेला, कारण एक आकडा उसना ठरला की उरलेल्या सर्व आकड्यांना आपापली साक्ष नव्याने द्यावी लागते.

तेव्हापासून मी जेथे जेथे मार्गदर्शन करतो, तेथे काही अटी आधीच घालतो. नोंदवही शिवलेल्या पानांची असावी, सुट्या कागदांची नव्हे. नोंद शाईने व्हावी; चुकल्यास एकच रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहावा, खाली जुना वाचता आला पाहिजे. पाऊस न पडलेल्या दिवशी शून्य लिहावे आणि मोजणी न झालेल्या दिवशी रकाना कोरा ठेवून कारण नोंदवावे. या दोहोंची गल्लत झाली की अवर्षण आणि आळस यांत फरक करता येत नाही. नक्कल हवी तितकी सुंदर करावी, परंतु मूळ वही फाइलीसोबत टेबलावर असावी. १९९३ पासून भरत असलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुले प्रकल्प मांडतात; तेथील जाणते परीक्षक देखण्या फलकाआधी या मळक्या वहीकडेच हात नेतात, हे पालकांना मी आवर्जून सांगतो. पालकांचा बंदोबस्त एरवीही अवघडच. थर्मोकोलचा ज्वालामुखी रात्री जागून रंगवणारे वडील मी पुष्कळ पाहिले आहेत. अशा वडिलांना मी बाटल्या कापण्याचे काम देतो, कारण त्यात धारदार सुरी लागते आणि त्यांचा उत्साहही सत्कारणी लागतो.

मार्गदर्शकाने स्वतः कोठे थांबावे हा प्रश्न याहून नाजूक आहे. उपकरण बिनचूक आहे की नाही, जागा योग्य आहे की नाही, मुलांच्या जिवाला धोका तर नाही, येथे त्याने खुशाल हुकूम सोडावेत. वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना कोणीही गच्चीवर जाता कामा नये, मग त्या दिवसाची नोंद बुडाली तरी बेहत्तर. आणि साचलेले पाणी रोजच्या रोज ओतून टाकावे, नाही तर डेंग्यूच्या डासांची पैदास आपल्याच प्रयोगशाळेत व्हायची. परंतु आकडे वहीत उतरू लागले की त्याने हात मागे बांधावेत. अनपेक्षित आकडा दिसला तर 'हे चुकलेले दिसते' असे न म्हणता 'त्या दिवशी तेथे काय काय होते?' असे विचारावे. निम्म्या वेळा चूकच निघते. उरलेल्या निम्म्यांत चिंचेचे झाड निघते.

एक व्यावहारिक सूचना राहिली. शाळेत प्रकल्पाची वाटणी होते जुलैत, आणि पाऊस काही शाळेच्या परिपत्रकाची वाट पाहत नाही. ज्याला पर्जन्याचा प्रकल्प करावयाचा असेल त्याने मेच्या सुट्टीतच बाटल्या मांडाव्यात, त्याही शाळेच्या कुलूपबंद आवारात नव्हे तर मुलांच्या घराशेजारी, आणि मूल आजोळी जाणार असेल तर सकाळी सातची मोजणी कोण करणार हे शेजाऱ्यांशी आधी बोलून, त्या शेजाऱ्यांचे नाव वहीच्या पहिल्या पानावर निरीक्षक म्हणून लिहून ठेवावे.