घटक ६ : तिथी, तारीख आणि वाढदिवस – दैनंदिन जीवनाचे ललित लेखन

६.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणास :
• दैनंदिन जीवनातील साधा प्रसंग ललित गद्याचा विषय कसा होतो, हे सांगता येईल.
• मराठी समाजातील वयाचे पारंपरिक टप्पे आणि कायद्याने ठरवलेले टप्पे यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• तिथी आणि तारीख यांचा परस्परसंबंध उदाहरणाने समजावून देता येईल.
• आपल्या परिसरातील एखाद्या प्रसंगावर तपशिलांच्या आधारे लेखन करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ललित गद्य म्हटले की निसर्ग, प्रवास, व्यक्तिचित्रे असे विषय आपल्यासमोर येतात. रोजचे जगणे हाही या लेखनाचा तितकाच समर्थ विषय आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे मोल पुष्कळ अंशी घरगुती प्रसंगांच्या तपशिलांतच आहे. प्रस्तुत घटकात आपण असाच एक साधा प्रसंग अभ्यासासाठी घेणार आहोत : पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्या तरुणाचा वाढदिवस.

वरवर पाहता हा विषय किरकोळ वाटेल. परंतु 'वाढदिवस कधी?' या प्रश्नाला आपल्याकडे नेहमीच एक उत्तर नसते. घर तिथी सांगते, दप्तर तारीख सांगते. तारखेवर माणसाचे हक्क अवलंबून असतात, तर तिथीभोवती घराची आठवण असते. या दोहोंतील अंतर ओळखणे आणि ते शब्दांत पकडणे, हे या घटकाचे सूत्र आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ परिसर

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्या दशकात मोटारी, स्कूटर व यंत्रे बनवणारे मोठे उद्योग या भागात आले. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण व १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. पुढे हा पट्टा उत्तरेकडे खेड तालुक्यातील चाकणपर्यंत पसरला. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शायिस्तेखानाविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग आणि कांद्याची बाजारपेठ ही चाकणची जुनी ओळख. आज त्याच नावाला मोटार उद्योगाची जोड मिळाली आहे.

मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर अशा भागांतून आलेले असंख्य तरुण येथे राहतात. आयटीआयचे प्रमाणपत्र, चार-पाच जणांत घेतलेली खोली, खानावळीचा डबा, कंपनीची बस आणि आठवड्यागणिक बदलणारी पाळी, ही त्यांच्या जीवनाची चौकट. कोणी शिकाऊ, कोणी कंत्राटी, कोणी कायम. येथे माणसाची ओळख बिल्ल्यावरील क्रमांकाने होते. म्हणूनच त्याच्या जन्मदिवसाची कोणीतरी आठवण ठेवणे, याला या परिसरात विशेष अर्थ येतो.

६.२.२ परंपरेतील टप्पे

मराठी घरांत बालपणाचे टप्पे बारकाईने साजरे होतात. सटवाईची पूजा, बारसे, उष्टावण, जावळ, संक्रांतीच्या सुमारास बोरनहाण आणि काही समाजांत मुंज. त्यानंतरचा मोठा संस्कार विवाहाचा. पुढे साठाव्या वर्षी षष्ट्यब्दी आणि ऐंशी ओलांडल्यावर सहस्रचंद्रदर्शन.

या क्रमात एक रिकामी जागा आहे. बालपण संपल्यापासून लग्न होईपर्यंतच्या काळासाठी परंपरेत स्वतंत्र सोहळा जवळजवळ नाही. शेती आणि बलुतेदारीच्या व्यवस्थेत हा काळ वेगळा उरतच नसे. मुलगा बापाच्या हाताखाली कामाला लागे आणि लवकरच संसारी होई. आज शिक्षण, उमेदवारी आणि नोकरीची अनिश्चितता यांमुळे हा काळ दहा-बारा वर्षांचा झाला आहे. औद्योगिक पट्ट्यातील तरुण नेमका या रिकाम्या जागेत उभा आहे.

६.२.३ कागदावरील टप्पे

ही जागा मुख्यतः कायद्याने भरली. १८७५ च्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने अठरा वर्षे ही सज्ञानतेची सर्वसाधारण मर्यादा मानली. १९४८ च्या कारखाना अधिनियमानेही अठरा वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस प्रौढ कामगार म्हटले. मतदानाचे वय पूर्वी एकवीस होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये ते अठरा झाले. मुलासाठी विवाहाचे किमान वय एकवीस आहे. नोकरी लागली की भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत जन्मतारीख जाते आणि १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतील अठ्ठावन्न वर्षांचा हिशेब त्या तारखेपासून होतो.

या टप्प्यांना पाट-रांगोळी नसते, ओवाळणी नसते. तरीही माणूस कोणत्या दिवशी काय करू शकेल, हे तेच ठरवतात. कागदावरील तारखेला म्हणून हलके लेखता येत नाही.

६.२.४ 'एक जून'ची पिढी

मग कागदावरील तारीख तरी खरी असते का? महाराष्ट्रातील मागील पिढ्यांच्या शाळेच्या दाखल्यांवर '१ जून' ही जन्मतारीख फार मोठ्या प्रमाणावर आढळते. याचे कारण साधे आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत. आईवडिलांना जन्माची तिथी, सण, पीक किंवा दुष्काळ आठवे. इंग्रजी तारीख आठवत नसे. डोक्यावरून घेतलेला हात पलीकडच्या कानाला लागला, की मूल शाळेत घालण्याजोगे झाले असे मानत. गुरुजी सहा वर्षे मागे मोजत आणि १ जून लिहीत. अशा रीतीने एका गावातील अनेक मुले एकाच दिवशी 'जन्मली'.

आपल्यापैकी काही विद्यार्थ्यांच्या, किंवा त्यांच्या आईवडिलांच्या, दाखल्यावर हीच तारीख असेल. ती विनोदाचा विषय होते, पण तिचे परिणाम गंभीर असतात. ज्याचे वय दोन वर्षांनी जास्त लागले, तो दोन वर्षे आधी निवृत्त होतो. ज्याचे कमी लागले, त्याला अठरा पूर्ण होण्याची वाट अधिक पाहावी लागते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाने जन्माची नोंद बंधनकारक केली, दवाखान्यातील बाळंतपणे वाढली, आणि हळूहळू तारीख नेमकी होत गेली. १ ऑक्टोबर २०२३ पासून किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर जन्मदाखला हाच शाळा-प्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे.

येथे कवी नारायण सुर्वे यांचे स्मरण उचित ठरेल. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेल्या अर्भकाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेले आणि आपले नाव दिले. कोणीतरी आपल्याला आपले म्हटले, तेव्हापासून माणसाची मोजदाद सुरू होते, हे सत्य दाखल्याच्या रकान्यात मावत नाही. साहित्य त्या रकान्याबाहेरचे लिहून ठेवते.

आपली प्रगती तपासा – १
१. बालपण आणि विवाह यांमधील काळ परंपरेत 'रिकामी जागा' का राहिला?
२. '१ जून' या जन्मतारखेमागील सामाजिक कारणे सांगा.

६.२.५ एकोणिसावा वाढदिवस : एक उदाहरण

आता तिथी आणि तारीख यांचे गणित पाहू. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून तिथी दरवर्षी तारखेच्या मागे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे जाते. एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात. एकोणीस सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास यांची लांबी जवळजवळ समान असते. परिणामी, माणसाच्या एकोणिसाव्या वाढदिवशी तिथी आणि तारीख पुन्हा एकत्र येतात. कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो, इतकेच. पुढे अडतिसाव्या आणि सत्तावन्नाव्या वर्षी हेच घडते.

हे समजण्यासाठी आपण एक तरुण कल्पू. त्याचा जन्म २७ ऑगस्ट २००६ रोजी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आईच्या लेखी तो 'गणपतीच्या दिवशीचा', शाळेच्या लेखी सत्तावीस ऑगस्टचा. पहिल्याच वर्षी हे दोन दिवस वेगळे झाले, कारण २००७ मध्ये गणेश चतुर्थी १५ सप्टेंबरला आली. २०२४ मध्ये २७ ऑगस्टला त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली. आईने मात्र ७ सप्टेंबरला, चतुर्थीच्या दिवशी, देवापुढे त्याच्या नावाने निरांजन लावले. वडिलांच्या दाखल्यावर १ जून असल्यामुळे त्यांना या वादात मत नव्हते.

२०२५ मध्ये तो चाकणच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार होता. त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टलाच आली. आदल्या रात्री त्याची तिसरी पाळी होती. मध्यरात्री यंत्रासमोर असतानाच तारीख बदलली. शेजारच्या यंत्रावरील सोबत्याने हातमोजा काढून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुन्हा कामाला लागला. कागदाचा दिवस मध्यरात्री सुरू झाला होता. पंचांगातला दिवस मात्र सूर्योदयाने सुरू होतो. पाळी संपवून तो बसमध्ये बसला, तेव्हा तोही दिवस उजाडला होता. रस्त्यात ठिकठिकाणी मंडळांचे मांडव उभे होते, दुचाकीवर मांडीशी मूर्ती धरून लोक घरी निघाले होते. खोलीवर आल्यावर आईचा फोन आला. तिने पडद्यासमोर ताम्हन धरून ओवाळले. खोलीतल्या चौघांनी वर्गणी काढून अर्धा किलोचा केक आणला होता. तो कापण्यासाठी सुरी सापडेना, म्हणून स्टीलची पट्टी धुऊन घेतली. आई म्हणाली, "अवंदा दोन्ही एकाच दिवशी आलं बघ." त्याने "हो गं आई" म्हटले आणि पडदा लावून झोपला.

६.२.६ उदाहरणाचे विश्लेषण

या उतारावजा वर्णनात मोठे असे काही घडत नाही. तरीही ते वाचनीय होत असेल, तर त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) नेमका तपशील : हातमोजा, ताम्हन, स्टीलची पट्टी या वस्तू त्या जीवनातूनच आल्या आहेत. 'मित्रांनी आनंदाने वाढदिवस साजरा केला' या वाक्यातून हे काहीच कळले नसते.

(आ) काळाचे दुहेरी माप : मध्यरात्र आणि सूर्योदय, तारीख आणि तिथी, कारखाना आणि घर. रात्रपाळीमुळे हे दोन्ही आरंभ तरुण जागेपणी अनुभवतो.

(इ) संयम : आई भावनेविषयी बोलत नाही, पंचांगाविषयी बोलते. परंतु एकोणीस वर्षे आपण एक दिवस जपून ठेवला, हेच तिला सांगायचे आहे. तरुणाला ते उमगले की नाही, हे लेखक सांगत नाही. निष्कर्ष वाचकावर सोपवला आहे.

(ई) अप्रकट विरोध : याच शहरांच्या चौकांत वाढदिवसाचे भव्य फलक लागतात, रस्त्यावर केक कापले जातात, तलवारीने वा कोयत्याने केक कापल्याबद्दल गुन्हे नोंदवल्याच्या बातम्याही येतात. अनोळखी शहरात 'मला पाहा' असे म्हणण्याची ती एक रीत आहे. त्या रीतीची नुसती टवाळी करून लेखकाचे काम भागत नाही. ज्याला कोणी ओळखत नाही, त्यालाच फलकाची गरज भासते, हेही त्याने पाहिले पाहिजे. अर्धा किलोच्या केकचे मोल त्या पार्श्वभूमीवर समजते : तेथे ओळखणारे चौघेच आहेत, पण ते खरोखर ओळखतात.

६.३ सारांश

वाढदिवस हा दैनंदिन जीवनातील छोटा प्रसंग असला, तरी त्यात समाजाचा इतिहास सामावलेला असतो. परंपरेने तारुण्याचा काळ मोकळा सोडला; कायद्याने तेथे अठरा आणि एकवीस हे टप्पे रोवले. '१ जून' ही तारीख शाळा आणि घर यांच्या कालगणनांतील अंतराची खूण आहे. कागदावरील तारीख हक्क देते, म्हणून ती अचूक हवी. घरातील तिथी मात्र कोठेही नोंदलेली नसते. ती सांगणारे माणूस गेले की तीही जाते. ती लिहून ठेवणे हे ललित लेखनाचे एक काम आहे.

६.४ शब्दार्थ

उष्टावण – बाळाला प्रथम अन्न भरवण्याचा विधी.
षष्ट्यब्दी – साठ वर्षे पूर्ण झाल्यावर करावयाची शांत.
अधिक मास – चांद्र व सौर वर्षांचा मेळ घालण्यासाठी येणारा जादा महिना.
ताम्हन – पूजेचे तांब्याचे पसरट पात्र.
अवंदा – यंदा, या वर्षी (बोलीभाषा).

६.५ सरावासाठी प्रश्न

१. 'तारीख हक्क देते, तिथी आठवण जपते' या विधानाची उदाहरणांसह चर्चा करा.
२. उदाहरणातील आईच्या एका वाक्याचे साहित्यिक मूल्य विशद करा.
३. टिपा लिहा : (अ) एकोणीस वर्षांचे कालचक्र (आ) ललित लेखनातील तपशील.

६.६ उपक्रम

आपल्या घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीस तिच्या जन्माविषयी विचारा. दाखल्यावरील तारीख कोणती, घरात कोणता दिवस सांगितला जाई, आणि तो कोणी लक्षात ठेवला होता, याची नोंद करा. ती व्यक्ती ज्या शब्दांत सांगेल तेच शब्द ठेवून दोनशे शब्दांचा ललित परिच्छेद लिहा. लेखन पूर्ण झाल्यावर तो त्या व्यक्तीस वाचून दाखवा आणि तिने सुचवलेल्या दुरुस्त्या करा.