जुने कंदील : किलोने की नगाने?

मलकापूर-नांदुरा मार्गावरील वडनेर भोलजी असो की आसपासचे दुसरे गाव, जुन्या घराच्या माळ्यावर किंवा गोठ्यात एखादा गंजलेला कंदील नाही तर गॅसबत्ती सापडतेच. वीज आल्यावर ही वस्तू अडगळीत गेली. घरमालक ती किलोने भंगारात देतो आणि डाख, कल्हई व पत्रेकाम जाणणारे आमचे बांधवही ती किलोनेच घेतात व विकतात. आमच्या मते नुकसान इथेच होते. नीट दुरुस्त केलेला जुना कंदील नगाने विकला जातो. संग्राहक, जुन्या पद्धतीची सजावट करणारे हॉटेलवाले आणि नाटक-चित्रपटांना सामान पुरवणारे त्याचे गिऱ्हाईक आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिव्यांचा संग्रह पाहिला, की जुन्या दिव्याचे मोल ध्यानात येते.

माल ओळखा : आधी नाव शोधा. टाकीवर, माथ्यावर किंवा काचेवर ठसा असतो. ओगले बंधूंनी 1916 साली कऱ्हाडजवळ काचकारखाना काढला. तेथील 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर गेला. अमेरिकेचा 'डिट्झ' आणि जर्मनीची 'पेट्रोमॅक्स' बत्ती हीही मागणीची नावे. काच, बर्नर आणि टाकी एकाच कंपनीची असेल तर भाव चढतो.

दुरुस्ती : टाकी रिकामी करून गरम साबणपाण्याने धुवा. रॉकेलची वाफ आत असताना डाख देऊ नका, भडका उडतो. टाकीत पाणी भरून गळती शोधा, मग पूर्ण वाळवा. गंजलेले सुटे भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, अधूनमधून पाहत राहा, नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच पुसा आणि तेलाचा हात फिरवा. काजळी धरलेला बर्नर सोड्याच्या पाण्यात उकळला की मोकळा होतो. ठशावर पॉलिशपेपर चालवू नका. मूळ रंग शिल्लक असेल तर नवा रंग मारू नका. संग्राहक त्या जुनेपणाचेच पैसे देतो.

गॅसबत्ती वेगळी. तिच्या टाकीत पंपाने हवा दाबली जाते आणि त्या दाबाने रॉकेल तापलेल्या नळीत जाऊन त्याची वाफ होते. पंपाचा चामडी वायसर सुकला असेल तर तेलात भिजवा, बहुधा पंप पुन्हा चालतो. मात्र टाकीच फुटकी असेल तर डाख देऊन पेटवण्यासाठी विकू नका. शोभेची वस्तू म्हणूनच विका. विजेचा दिवा बसवायचा असल्यास नवे भोक पाडू नका, तार वातीच्या जागेतून न्या.

हिशेब व सचोटी : खरेदी, सुटे भाग आणि लागलेले तास प्रत्येक नगापुढे लिहून ठेवा. तास धरले नाहीत तर नफा दिसतो, पण मजुरी बुडालेली असते. कोणता भाग नवा आणि कोणता मूळ, हे चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाला द्या. नव्या काचेला जुनी म्हणून विकणाऱ्याकडे संग्राहक दुसऱ्यांदा येत नाही, आणि हा धंदा दुसऱ्यांदा येणाऱ्यावरच चालतो.

सुरुवात एका कंदिलाने करा. पुढच्या वेळी माल काट्यावर ठेवण्यापूर्वी टाकीवरची धूळ पुसून नाव वाचा.