अपडेटनंतरचा संगणक आणि आपली मराठी

संगणक हे केवळ विज्ञान शाखेचे साधन आहे, हा समज आता मागे पडला आहे. कला शाखेचा विद्यार्थी निबंध, प्रकल्प, लघुप्रबंध संगणकावरच लिहितो, प्राध्यापक प्रश्नपत्रिका त्यावरच तयार करतात, आणि वार्षिक अंकाचा मजकूरही त्यावरच जुळवला जातो. परंतु संगणकाची कार्यप्रणाली बदलली, म्हणजे तिचे अपडेट झाले, की आपल्यापैकी अनेकांची तारांबळ उडते. कालपर्यंत नीट दिसणारी मराठी आज रोमन अक्षरांच्या गोंधळासारखी दिसते, कळफलक ओळखीचा राहत नाही, साठ पानांचा मजकूर चौसष्ट पानांवर जातो. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी असे घडले तर वर्षाचे श्रम पणाला लागतात. असे का होते आणि अशा वेळी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न सध्या विशेष निकडीचा आहे. विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे घरोघरी आणि महाविद्यालयांत विंडोज ११ बसवण्याचे काम सुरू झाले. घर बदलताना काही वस्तू मागे राहतात, तसेच येथेही होते. आणि मागे राहणाऱ्या वस्तूंत मराठीचे साहित्य पुष्कळदा असते.

दोन प्रकारची मराठी

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त क्रमांक कळतो. पडद्यावर दिसणारी अक्षराची आकृती फाँट पुरवतो. ही क्रमांक देण्याची रीत मराठीच्या बाबतीत दोन प्रकारची आहे.

जुन्या रीतीत फाँटला २५६ स्थानांची मर्यादा होती. ती स्थाने मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेली. जुन्या मराठी फाँटकारांनी त्या स्थानांवर रोमन अक्षरांऐवजी देवनागरी आकृत्या बसवल्या. म्हणजे फाईलमध्ये साठवलेले असते रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह, आणि त्यावर मराठीचा मुखवटा असतो. मुखवटा गेला की खालचा चेहरा दिसतो. शिवाय प्रत्येक फाँटकाराची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा मुखवटा दुसऱ्याला चालत नाही.

नवी रीत युनिकोडची. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले. २३०४ पासून २४३१ पर्यंतचे १२८ क्रमांक देवनागरीसाठी राखून ठेवले आहेत. 'अ' म्हणजे २३०९, 'क' म्हणजे २३२५. मग फाँट कोणताही असो. येथे फाँट गेला तरी मजकूर मराठीच राहतो, फार तर त्याचे वळण बदलते.

निदान कसे करावे?

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. आपणही सेटिंग्ज चाळवण्यापूर्वी निदान करावे. त्यासाठी सोपी कसोटी आहे. बिघडलेल्या मजकुरातील एक वाक्य उचलून नोटपॅडमध्ये डकवावे. तेथे मराठी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली तर मजकूर जुन्या फाँटमधील आहे. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या तर क्रमांक बरोबर आहे, पण त्या फाँटमध्ये ती आकृती नाही, असे समजावे.

चौकटीचे उत्तम उदाहरण म्हणजे 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, २४१८ या क्रमांकावर आले. त्यापूर्वीच्या फाँटमध्ये ते असण्याचा संभव नाही. म्हणून 'ॲरिस्टॉटल' हे नाव जुन्या संगणकावर चौकटीने सुरू होते. दोष लेखकाचा नसतो, फाँटच्या वयाचा असतो.

जुन्या फाँटचा मजकूर

येथे उपाय सरळ आहे: मूळ फाँट पुन्हा बसवणे. फाईलमध्ये त्या जागी फाँटचे नाव दिसतेच. जुन्या संगणकावरून किंवा मूळ तबकडीवरून त्या नावाची फाँटची फाईल आणावी, माऊसचे उजवे बटण दाबून 'इन्स्टॉल' निवडावे आणि लेखनाचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा.

मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे. घाबरून सगळा मजकूर निवडून त्याला एकदम दुसरा फाँट देऊ नये. अशा फाईलमध्ये कोणता भाग मराठी आणि कोणता इंग्रजी, याची एकमेव खूण म्हणजे फाँटचे नाव. सर्वांना एकच फाँट दिला की ती खूण पुसली जाते; नंतर मूळ फाँट लावला तरी मधली इंग्रजी नावे, संदर्भ, तळटीपा मराठी अक्षरांच्या निरर्थक ओळी होऊन बसतात. म्हणून आधी फाईलची प्रत काढावी आणि प्रयोग प्रतीवर करावेत.

दुसरी अडचण लपलेली असते. प्रोग्रॅम नव्याने बसवला की त्याची स्वयंदुरुस्ती पूर्ववत सुरू होते. वाक्यातील पहिले अक्षर मोठे करणे आणि सरळ अवतरणचिन्हे वाकडी करणे, ही कामे ती न सांगता करते. जुन्या फाँटमध्ये लहान आणि मोठे रोमन अक्षर म्हणजे दोन वेगळ्या मराठी आकृत्या. त्यामुळे टंकताना शब्द आपोआप बिघडत जातात. अशा फाईलवर काम करण्यापूर्वी ही स्वयंदुरुस्ती बंद करावी.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे हा कायमचा उपाय. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या रीतीत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी साठवली जाते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफाराचे उलट: तो दिसतो अक्षराच्या शेवटी डोक्यावर, पण युनिकोडमध्ये 'र' आधी येतो. ही उलटापालट करताना परिवर्तक कधीकधी चुकतो. म्हणून परिवर्तनानंतर वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांवर नजर ठेवून मुद्रितशोधन केलेच पाहिजे.

युनिकोडचा मजकूर

येथे बिघाड सौम्य असतो, पण त्रास कमी नसतो. विंडोज २००० पासून अनेकांचे लेखन 'मंगल' या फाँटमध्ये झाले. विंडोज ८ मध्ये 'निर्मला यूआय' हा नवा फाँट आला आणि विंडोज १० पासून मंगल हा ऐच्छिक साहित्यात गेला. नव्याने बसवलेल्या संगणकावर तो असेलच असे नाही. तो नसला की प्रणाली दुसरा फाँट वापरते. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात, पाने वाढतात आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठांक चुकतात. उपाय असा: सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' उघडावे, तेथील 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' हा संच घ्यावा. त्यासाठी इंटरनेटची जोडणी लागते. अंतिम प्रत दुसरीकडे छापावयाची असेल तर फाँट आत बांधून पीडीएफ करावी, म्हणजे पाने जागची हलणार नाहीत.

कळफलकाचेही असेच. भाषेच्या यादीतून मराठी गेली असेल तर ती पुन्हा घालावी. इनस्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक तेथे मिळतो; उच्चारानुसारी कळफलक मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आला आहे. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते. कळफलक बदलला की 'ऱ्य' एकदा लिहून पाहावा. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून 'जे' ची कळ दाबली की 'ऱ' उमटतो, पुढे हलन्त आणि 'य'. ही बारीकसारीक बाब वाटेल. पण 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले' यांत ज्ञानपीठ आणि स्वयंपाकघर यांच्याइतके अंतर आहे!

अपडेटपूर्वीची तयारी

अपडेट टाळणे हा उपाय नव्हे. सुरक्षेची छिद्रे त्यांनीच बुजवली जातात. पण तयारीवाचून अपडेट करणे हेही शहाणपण नव्हे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चे एक मोठे अपडेट प्रसृत झाले. ज्यांनी आपले 'डॉक्युमेंट्स' सारखे फोल्डर दुसऱ्या जागी वळवले होते, त्यांच्यापैकी काहींच्या मूळ जागी राहिलेल्या फाईली त्यात पुसल्या गेल्या. चार दिवसांत त्याचे वितरण थांबवावे लागले आणि दुरुस्त अपडेट १३ नोव्हेंबरला आले. ज्यांच्याजवळ वेगळी प्रत होती, त्यांना फाईली गमवाव्या लागल्या नाहीत.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. पहिली, महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत संगणकाबाहेर ठेवावी. दुसरी, वापरातील सर्व फाँटच्या फाईली एका फोल्डरमध्ये त्याच प्रतीसोबत जपाव्यात. तिसरी, साध्या वहीत एक पान लिहावे: कोणता कळफलक, कोणता नेहमीचा फाँट, स्वयंदुरुस्तीत काय बंद, कोणता प्रिंटर. अपडेटनंतर ते पान समोर ठेवून संगणक पुन्हा आपल्या सोयीचा करण्यास फार वेळ लागत नाही.

इतके करूनही संगणक नीट चालेना, तर परतीची वाट असते. आवृत्ती बदलणाऱ्या मोठ्या अपडेटनंतर जुनी प्रणाली सामान्यतः दहा दिवस जपलेली असते. सेटिंग्जमधील 'रिकव्हरी' मधून मागे जाता येते. लहान अपडेट असेल तर अपडेटच्या इतिहासातून ते काढता येते. मात्र एका वेळी एकच बदल करावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि परिणाम पाहावा. एकदम चार बदल केले तर दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि तो परत आला की आपण होतो तेथेच उभे असतो.

शेवटी एक मुद्दा आपल्या सर्वांचा. संगणकावर जुळवलेले कितीतरी जुने वार्षिक अंक, प्रबंध आणि टिपणे जुन्या फाँटमध्येच आहेत. ते फाँट जोवर कोणाजवळ तरी आहेत, तोवर तो मजकूर वाचता येईल. पुढे त्या फाईली असतील, पण त्यांतली मराठी उलगडणे अवघड होईल. मोडी वाचणारे विरळ झाले तेव्हा दप्तरांचे काय झाले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. मराठी विभागातील विद्यार्थ्यांनी दर सुटीत एकेक अंक युनिकोडमध्ये आणून तपासण्याचे काम हाती घेतले, तर मुद्रितशोधनाचा अभ्यासही होईल आणि महाविद्यालयाचा ठेवाही वाचेल. संगणक बदलत राहणारच. आपले लिहिलेले त्याच्याबरोबर पुढे नेणे हे मात्र आपलेच काम आहे.