अंगात साठलेले पाणी आणि मूत्रल गोळीचा मोह

चि. अनिकेत,

अॅनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक किंवा त्याच्या धर्तीवर घडवलेली स्नायुवर्धक औषधे, सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जे वजन झपाट्याने वाढते, त्यात पाण्याचा वाटा पुष्कळदा मोठा असतो, हे चिरंजीवाने आधी ध्यानात घ्यावे. टेस्टोस्टेरॉनाचा काही अंश अॅरोमॅटेज या विकरामुळे इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकात बदलतो, मूत्रपिंडे सोडियम बाहेर टाकण्याऐवजी राखू लागतात आणि सोडियमामागोमाग पाणीही थांबते. चेहरा फुगतो, अंगठी घट्ट होते, नडगीवर बोट दाबले तर खळगा राहतो. ही सूज डोळ्यांना दिसते. त्याच काळात चढणारा रक्तदाब दिसत नाही, आणि खरी चिंता त्याचीच करावयास हवी.

व्यायामशाळेत यावर ‘पाणी काढण्या’ची गोळी, अर्थात लघवी वाढवणारे मूत्रल औषध, सहज सुचवले जाते. ते चिरंजीवाने मनाने कदापि घेऊ नये. फ्युरोसेमाइड या मूत्रलामुळे पाण्याबरोबर पोटॅशियम वाहून जाते, स्पायरोनोलॅक्टोन या दुसऱ्या मूत्रलामुळे ते उलट साठते, आणि हृदयाची लय सांभाळणारा हा क्षार कोणत्याही बाजूस फार ढळला, तर धडधाकट तरुणाचेही हृदय बंद पडू शकते. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा नामांकित शरीरसौष्ठवपटू हॉलंडमधील स्पर्धेच्या पाठोपाठ दगावला, आणि त्याच्या मृत्यूशी मूत्रल औषधांचा संबंध जोडला गेला. मंचावर शरीर रेखीव दिसावे एवढ्यासाठी असा जीव जावा, ही गोष्ट अत्यंत क्लेशदायक आहे.

पाणी पिणे तोडणे हाही उपाय नव्हे. मीठ मात्र कमी करावे; जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. लोणचे, पापड, फरसाण आवरल्यास सूज थोडी उतरेल, पण मूळ कारण औषधात असल्याने ते थांबवल्यावाचून प्रश्न मिटत नाही. थांबवल्यावर शरीराची स्वतःची संप्रेरकनिर्मिती काही महिने मंद राहून थकवा आणि खिन्नता येऊ शकते, म्हणून ते अंतःस्रावतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे. त्यांच्यापुढे औषधाचे नाव, मात्रा आणि कालावधी लाजेपोटी लपवू नये, कारण रक्तदाब, मूत्रपिंडे आणि हृदय यांच्या तपासण्या त्यावरूनच ठरतात. आडवे झाल्यावर दम लागणे, छातीत दुखणे, ठोके चुकणे किंवा एकाच पायाला सूज येणे, यांपैकी काहीही जाणवल्यास रात्र उलटण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे आणि औषधाची कुपी सोबत न्यावी.